सहा घरं, पाच गोळ्या

कसिनोच्या तळघरात एक म्हातारा शांत बसलेला आहे. बाहेर लाव्हाचा काळा, ओसाड माळ. टेबलावर सहा घरांचं रिव्हॉल्वर आहे, त्यातल्या पाच घरांत गोळ्या आहेत आणि एक घर रिकामं. समोरचा खेळाडू म्हाताऱ्यावर नेम धरतो आणि चाप ओढतो. नुसता खट्ट आवाज येतो. म्हातारा जिवंतच आहे. गेली कित्येक वर्षं हे असंच चाललंय आणि दर वेळी रिकामं घर त्याच्याच वाट्याला येतंय.

२००१ साली आलेल्या ‘इन्टॅक्टो’ या स्पॅनिश थरारपटातला हा म्हातारा म्हणजे सॅम्युएल बर्ग. भूमिका मॅक्स फॉन सिडो यांची. १९५७ सालच्या ‘द सेव्हन्थ सील’मध्ये साक्षात मृत्यूशी बुद्धिबळ खेळणारा सरदार त्यांनीच रंगवला होता. तो चित्रपट ज्यांनी पाहिलाय, त्यांच्या अंगावर इथे वेगळाच काटा येतो. चव्वेचाळीस वर्षांनी तोच नट पुन्हा मृत्यूसमोर बसलाय आणि या वेळी मृत्यूच दर डाव हरतोय.

दिग्दर्शक हुआन कार्लोस फ्रेस्नादिल्यो यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. त्यांना नवोदित दिग्दर्शकाचा आणि नायक झालेल्या लिओनार्दो स्बारालियाला नवोदित अभिनेत्याचा गोया पुरस्कार यासाठी मिळाला. कल्पना एका वाक्यात सांगता येते. नशीब ही पैशासारखी खरीखुरी वस्तू आहे. काहींकडे ती भरपूर असते, काहींकडे नसतेच, आणि काही माणसं नुसत्या स्पर्शाने ती दुसऱ्याकडून काढून घेऊ शकतात. सॅम्युएलच्या कसिनोत फेडेरिको नावाचा माणूस हेच काम करतो. एखादं गिऱ्हाईक फार जिंकायला लागलं, की हा जवळ जाऊन हलकेच हात लावतो. तिथून पुढे ते गिऱ्हाईक हरतच जातं. एके दिवशी फेडेरिको नोकरी सोडायची म्हणतो, सॅम्युएल त्याला घट्ट मिठी मारतो आणि त्या मिठीत त्याची सगळी शक्ती शोषून घेतो. काही वर्षांनी विमान कोसळतं, त्यातून तोमास नावाचा एक चोर एकटा वाचतो आणि फेडेरिकोला त्याच्यात सूड घेण्याचं हत्यार दिसतं. त्यानंतर सुरू होते नशीबवानांची एक गुप्त जुगारसाखळी. तिथे पैजेला पैसे लावत नाहीत, ओळखीपाळखीच्या माणसांचे फोटो लावतात. फोटो हरला, की त्या माणसाचं नशीब दुसऱ्याच्या खिशात.

हा चित्रपट बघून उठलेल्यांत हमखास दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं असतं, की इतकी अफलातून कल्पना गेल्या कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, की याला काही तर्कच नाही. नशीब साठवतात म्हणजे कुठे साठवतात? फोटोने ते कसं जातं? नियम कुणी ठरवले? पात्रं थंड वाटतात, गोष्ट मध्येच अवघड होते, अशीही तक्रार असते आणि ती अगदीच खोटी नाही. शेवटाकडे कथानकाची जरा ओढाताण होते, असं मलाही वाटतं. पण ‘तर्क नाही’ या आक्षेपापाशी मी थांबतो. त्याच्या आत शिरून पाहिलं, तर चित्रपटापेक्षाही अद्भुत काहीतरी हाती लागतं. सॅम्युएल बर्गसारखा माणूस घडवायला जादू लागतच नाही. साधा गुणाकार पुरतो.

करून बघू. पाच गोळ्या आणि एक रिकामं घर. एका डावात वाचण्याची शक्यता सहात एक. आता कल्पना करा, की ६,०४,६६,१७६ माणसं हा भयंकर खेळ खेळायला बसली. पहिल्या फेरीनंतर सरासरीने साधारण एक कोटी उरतील. दुसरीनंतर सोळा लाख ऐंशी हजारांच्या आसपास. सहाव्या फेरीनंतर १,२९६. आठवीनंतर ३६, नववीनंतर सहा. आणि दहाव्या फेरीनंतर एक. कारण सहाचा दहावा घात बरोबर ६,०४,६६,१७६ येतो.

त्या उरलेल्या एकाचा विचार करा. त्याने पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर दहा वेळा स्वतःवर झेललंय. आपल्यात काहीतरी आहे असं त्याला वाटणार नाही का? वाटणारच. लोक त्याच्याकडे येतील, कोणत्या देवाला जातोस, कोणता खडा घालतोस, सकाळी उठल्यावर आधी काय करतोस, असं विचारतील. तोही प्रामाणिकपणे आठवून सांगेल. तोच देव, तोच खडा, तीच सवय पहिल्या फेरीत गेलेल्या पाच कोटींतल्या कित्येकांची होती. पण त्यांना विचारायला कुणी जाऊ शकत नाही. या एका माणसात काहीही विशेष नाही, तरीही असा एक माणूस उरणं हे मात्र जवळजवळ अपेक्षितच होतं. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. मला यातलं आश्चर्य अजून ओसरत नाही.

इथे चाणाक्ष प्रेक्षक मला अडवेल आणि त्याने अडवायलाच हवं. तो म्हणेल, चित्रपटात उरलेल्या माणसाला नंतर नशीबवान म्हणत नाहीत. सॅम्युएलचं नाव आधीच ठाऊक असतं. तो वाचणार हे आधी सांगितलं जातं आणि तो वाचतो. खरं आहे. सगळा फरक या ‘आधी’ आणि ‘नंतर’मध्येच आहे. सरासरीने कुणीतरी एक उरेल, एवढं गणित आधी सांगतं. कोण उरेल ते सांगायला मात्र साफ नकार देतं. सहा कोटींतल्या एकाच्या खांद्यावर आधी हात ठेवून ‘हाच’ असं म्हणालात आणि तो खरोखरच दहा फेऱ्या टिकला, तर मी त्याच्या नशिबाला हात जोडायच्या आधी ते रिव्हॉल्वर उघडून बघेन. चित्रपटाने नेमकी हीच रेघ पुसली आहे. जे मागे वळून पाहिल्यावरच दिसतं, ते त्याने पुढे पाहून दिसणारं केलं. तर्क तुटतो तो एवढ्या एकाच जागी. बाकीचा सगळा डोलारा त्या जागेवर मोठ्या सफाईने उभा राहतो.

आता चित्रपटातल्या जंगलाकडे येतो. चित्रपट आवडो न आवडो, हा प्रसंग कुणी विसरत नाही. नशीबवान खेळाडूंच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतात, हात पाठीमागे बांधतात आणि त्यांना दाट झाडीत पूर्ण वेगाने पळायला सोडतात. एकेक जण बुंध्यावर आदळून कोसळतो. आदळण्याचा तो आवाज ऐकताना आपलंच कपाळ दुखतं. जो शेवटपर्यंत पळत राहतो, तो जिंकला.

या शर्यतीचं गणित करता येतं आणि ते फार देखणं आहे. समजा, जंगलात दर वीस चौरस मीटरला एक झाड आहे आणि झाडं कशीही विखुरलेली आहेत. पळणाऱ्याच्या खांद्यांची रुंदी आणि बुंध्याची जाडी मिळून ८० सेंटिमीटर धरू. म्हणजे पळणारा जंगलातून ८० सेंटिमीटर रुंदीचा एक पट्टा झाडून काढतोय आणि त्या पट्ट्यात बुंधा आला की तो आपटणार. वीसाला ०.८ ने भागलं की २५ येतात. सरासरी २५ मीटरला एक टक्कर. ५० मीटर सहीसलामत जाण्याची शक्यता सुमारे साडेतेरा टक्के. १०० मीटर जाण्याची जेमतेम १.८ टक्के. हजार माणसं सोडली तर १०० मीटरच्या खुणेपाशी अठराएक जण पळत असतील. २०० मीटरसाठी सुमारे तीन हजारांत एक.

हे सूत्र जंगलासाठी निघालेलं नाही. हवेतला एक रेणू दुसऱ्याला धडकेपर्यंत सरासरी किती अंतर जातो, हा प्रश्न जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ क्लाउझियस यांनी १८५८ साली सोडवला, त्यातला हा हिशेब. तुमच्या खोलीतल्या हवेत या क्षणी असंख्य रेणू डोळे बांधून असेच धावतायत. त्यातला एखादा सरासरीच्या दसपट अंतर कुणालाही न धडकता जातो. त्याला कुणी नशीबवान म्हणत नाही.

या गणितातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट पुढे आहे. एखादा धावपटू ५० मीटर कुठेही न आपटता गेला. आता त्याची पुढच्या २५ मीटरची शक्यता वाढली का? कमी झाली का? काहीच नाही. शर्यत सुरू होताना पहिल्या २५ मीटरची जेवढी होती, तेवढीच. मागे टाकलेली झाडं पुढच्या झाडांना काही सांगत नाहीत. याने बरंच निभावलंय तेव्हा आता याचा नंबर, असं जंगल म्हणत नाही. याचा हात चांगला चालतोय तर याला आणखी पळू द्या, असंही म्हणत नाही. जंगलाला आठवण नसते. आठवण फक्त पळणाऱ्याला असते आणि बघणाऱ्याला.

रूलेच्या चाकालाही आठवण नसते. १८ ऑगस्ट १९१३ रोजी माँटे कार्लोच्या कसिनोत एका टेबलावर गोळी सलग २६ वेळा काळ्या घरात पडली. काळा जसजसा येत गेला, तसतशी लोकांनी लालवर रक्कम वाढवत नेली. आता लाल यायलाच हवा, किती वेळ येणार नाही! माणसं त्या रात्री अक्षरशः धुऊन निघाली. युरोपीय चाकावर ३७ घरं असतात, १८ लाल, १८ काळी आणि एक शून्याचं. ठरवून सांगितलेले २६ डाव काळेच येण्याची शक्यता सुमारे तेरा कोटी सत्तर लाखांत एक. पण पंचवीस काळे येऊन गेल्यावर सव्विसावा काळा येण्याची शक्यता सदतिसात अठराच. आणि लाल येण्याचीही नेमकी तेवढीच.

या चाकाचा हिशेब मांडला, की ध्यानात येतं, फेडेरिकोची नोकरी मुळात अनावश्यक होती. कसिनोला जिंकणाऱ्याचं नशीब काढून घ्यायची काही गरजच नसते. लालवर १०० लावलेत आणि लाल आला तर तुम्हाला १०० मिळतात. सदतिसांत अठरा वेळा हे होतं आणि एकोणीस वेळा तुमचे १०० जातात. म्हणजे दर डावाला सरासरी २ रुपये ७० पैसे टेबलाच्या पलीकडे जातात. ही सगळी करामत त्या एकट्या शून्याच्या घराची. पणजीला मांडवीत उभ्या असलेल्या कसिनोंच्या जहाजांवरही ती अशीच चालते.

२ रुपये ७० पैसे म्हणजे काहीच नाही, असं वाटतं ना? हजार डाव खेळल्यावर दर पाच खेळाडूंतला साधारण एक जण अजून फायद्यात असतो. तो गावभर सांगत सुटतो, मित्रांना घेऊन येतो आणि त्याचं म्हणणं खोटंही नसतं. दहा हजार डावांनंतर फायद्यात उरतो सुमारे तीनशेंतला एक. लाख डावांनंतर जवळपास कुणीच नाही. स्विस गणिती याकोब बर्नुली यांनी डाव वाढत जातात तशी सरासरी कशी पक्की होत जाते, हे सिद्ध केलं. त्यांच्या मृत्यूनंतर, १७१३ साली, ते पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालं. फेडेरिकोच्या हाताला जे श्रेय मिळतं, ते खरं तर या नियमाचं आहे. फार जिंकणारं गिऱ्हाईक खेळत राहिलं की हरायला लागतंच. त्या वेळी शेजारून कोण गेलं, कुणाचा हात लागला, हे आपलं मन मागाहून शोधून काढतं.

चित्रपटात नशीब दोन वाटांनी जातं, स्पर्शाने आणि फोटोने. या दोन्ही वाटा जुन्याच आहेत. मानववंशशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांनी १८९० साली ‘द गोल्डन बाऊ’ हा ग्रंथ काढला. जगभरच्या जादूटोण्याच्या समजुतींची त्यांनी दोन सूत्रांत विभागणी केली. एक संपर्काचं, जे एकदा अंगाला लागलं ते कायमचं जोडलं गेलं. दुसरं साम्याचं, जे सारखं दिसतं त्याच्यावर केलेलं मूळ माणसाला लागतं. आपल्याकडच्या बाहुलीला टोचलेल्या टाचण्या आणि अंगावरून उतरून टाकलेली लिंबं याच दोन सूत्रांवर चालतात. ‘याला तर्क नाही’ म्हणणारा प्रेक्षकही फोटो फाटताना मनात चरकतोच. पटकथेने त्या चरकण्यावर भरवसा ठेवलाय आणि तो वाया गेलेला नाही.

आता विमान. फ्रेस्नादिल्यो यांचा जन्म १९६७ सालचा, सांता क्रूझ दे तेनेरिफे इथला. कॅनरी बेटांतलं हे तेनेरिफे. २७ मार्च १९७७ रोजी, ते नऊ वर्षांचे असताना, त्यांच्याच बेटावरच्या लोस रोदेओस विमानतळावर दोन जम्बो जेट धावपट्टीवर एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं गेली. विमानवाहतुकीच्या इतिहासात एका अपघातात याहून जास्त माणसं कधी गेलेली नाहीत. विमानातून एकटा वाचलेला नायक त्यांना नेमका कुठून सुचला, ते मी सांगत नाही. पण त्या दिवसाची साखळी कडीकडीने उलगडून पाहिली, की नशीब या गोष्टीकडे बघण्याची नजरच बदलते.

दोन्ही विमानं, एक केएलएमचं आणि एक पॅन अ‍ॅमचं, तेनेरिफेला उतरणारच नव्हती. त्यांना जायचं होतं शेजारच्या ग्रान कनारिया बेटावर. तिथल्या विमानतळावर फुटीरतावाद्यांनी ठेवलेला बॉम्ब फुटला म्हणून विमानं इकडे वळवली. लहानसा विमानतळ खच्चून भरला. वाट पाहता पाहता केएलएमच्या विमानाने इंधन भरून घेतलं. त्याने वजन वाढलं आणि नंतर आगही. इंधन भरेपर्यंत पॅन अ‍ॅमच्या विमानाला पुढे जायला वाट नव्हती. तेवढ्यात डोंगरावरून धुकं उतरलं. धुक्यात पॅन अ‍ॅमच्या विमानाचं सांगितलेलं वळण हुकलं. रेडिओवर दोन संदेश एकाच क्षणी बोलले गेले आणि एकमेकांत मिसळून गेले. परवानगी मिळाली असं समजून केएलएमचं विमान सुटलं. यातली कुठलीही एक कडी निसटली असती, तर त्या दिवशी सगळेजण सुखरूप पोहोचले असते.

केएलएमच्या विमानातले सगळे २४८ जण गेले. पॅन अ‍ॅमच्या ३९६ जणांतले ६१ वाचले. विमानाला पडलेल्या भगदाडांतून ते डाव्या पंखावर उतरू शकले. कुठल्या रांगेत बसलो होतो, एवढंच. आणि केएलएमच्या विमानातून आलेली एक टूर गाइड तेनेरिफेतच राहायची. कशाला ग्रान कनारियाला जाऊन परत यायचं, म्हणून ती पुन्हा विमानात चढलीच नाही. तिने कुणाचं नशीब घेतलं? कुणाचंच नाही. ती घरी गेली.

ही गोष्ट मला ‘इन्टॅक्टो’च्या गाभ्याशी नेते आणि चित्रपटाबद्दल बोलताना बरेच प्रेक्षक या गाभ्याच्या बाजूने निघून जातात असं मला वाटतं. सॅम्युएल लहानपणी नाझी छळछावणीतून वाचलेला आहे. त्याच्या मनाने पक्कं घेतलंय, की बाकीच्या मुलांचं नशीब आपल्याकडे आलं म्हणून आपण उरलो. ही पटकथालेखकाची करामत नाही. छळछावण्यांतून सुटलेल्या असंख्य माणसांनी हा भार जन्मभर वाहिला. इटालियन लेखक प्रीमो लेव्ही ऑशविट्झमध्ये होते. १९४५च्या जानेवारीत नाझींनी छावणी रिकामी केली आणि चालू शकणाऱ्या कैद्यांना बर्फातून पायी नेलं. त्यात हजारो मेले. लेव्ही मागे राहिले, कारण त्यांना नेमका तेव्हाच स्कार्लेट फीव्हर झाला होता आणि ते आजाऱ्यांच्या बराकीत होते. २७ जानेवारीला सोव्हिएत फौज पोहोचली. एका तापाने ते वाचले. चाळीसहून जास्त वर्षांनी, १९८६ साली, त्यांनी ‘द ड्राउन्ड अँड द सेव्ह्ड’ या पुस्तकात वाचलेल्यांच्या शरमेवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. आपण दुसऱ्या कुणाच्या जागी जगतोय की काय, हा किडा मन कसा पोखरतो, ते त्यात आहे. काहीही चूक केलेली नसताना.

चित्रपटातली पोलीस अधिकारी सारा याच जातीची. मोटार अपघातात नवरा गेला, मुलगी गेली आणि ती वाचली. बाकीच्या पात्रांच्या लेखी ती ‘नशीबवान’, म्हणून खेळात उतरवण्याजोगी. मोनिका लोपेझने ही सारा फार संयमाने उभी केली आहे. तिचा चेहरा पाहताना मला आपल्याकडच्या किती बायका आठवल्या! साराला तिकडे निदान नशीबवान तरी म्हणतात. आपल्याकडे तिला ‘पांढऱ्या पायाची’ म्हटलं असतं. नवऱ्याला खाल्लं म्हटलं असतं. हळदीकुंकवाला बोलावलं नसतं, लग्नात मागे उभं केलं असतं. विश्वास तोच, की उरलेल्याने गेलेल्याचं काहीतरी काढून घेतलं. चित्रपटात त्याची जुगारी टोळी झाली आणि आपल्या घराघरांत त्याची रीत झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायचं आवाहन केलं. तो ठराव वाचताना संभाव्यतेचं गणित कुणाच्या डोक्यात नसेल. पण जंगलाला आठवण नसते हे ज्याला कळलं, त्याला त्या ठरावाचं मोल आणखी कळतं.

नशीब अंगात शिरतं आणि अंगातून निघतं ही कल्पना आपल्याला नवी नाहीच. महाभारताच्या वनपर्वात नलदमयंतीची कथा येते. कली नळाच्या अंगात शिरतो, नळ द्यूतात भावाकडून, पुष्कराकडून, राज्य हरतो आणि वनवासाला लागतो. पुढे वेषांतर करून तो अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. नळाची बायको दमयंती विदर्भाची, आणि त्याच विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बोट दाखवून त्याच्या दोन फांद्यांवरची पानं आणि फळं किती, ते क्षणात सांगतो. त्या काळी फासे बेहड्याच्या फळांचेच असत. नळाला खरं वाटत नाही. तो झाड तोडून फळं मोजतो आणि आकडा बरोबर निघतो. मग ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांची विद्या शिकवतो. ती विद्या नळाला मिळते आणि त्याच क्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. बाहेर पडून शिरतो कुठे, तर त्याच बेहड्याच्या झाडात. थोडं पाहून पुष्कळाचा अंदाज कसा बांधावा, याचा हा जगातल्या जुन्यात जुन्या उल्लेखांपैकी एक म्हणून संख्याशास्त्राचे इतिहासकारही या कथेकडे बोट दाखवतात. फ्रेंच गणिती पास्काल आणि फेर्मा यांनी १६५४ साली पत्रांतून जुगाराच्या डावाचं गणित सोडवलं, तिथून पाश्चात्त्य संभाव्यताशास्त्र मोजतात. आपल्या कथाकाराने त्याच्या कितीतरी शतकं आधी गोष्टीत बसवून ठेवलं होतं, की मोजायला येऊ लागलं की कली अंगात राहत नाही.

‘इन्टॅक्टो’मध्ये असा ऋतुपर्ण कुणी नाही. तिथे मोजणारा कुणीच नसल्यामुळे सगळे एकमेकांना हात लावत, फोटो जिंकत, जंगलात धावत राहतात. म्हणूनच मला तो निव्वळ थरारपट वाटत नाही. वाचलेल्या माणसाच्या मनाच्या आतून जग कसं दिसतं, ते इतक्या जवळून दाखवणारे चित्रपट थोडे आहेत. तर्क लंगडा म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, तो तर्क चित्रपटाचा नाही. तो सॅम्युएलचा, साराचा आहे, आणि दुःखात माणसाचा तर्क असाच चालतो.

चित्रपट जरूर पाहा, डब केलेला नको, मूळ आवाजातला पाहा. जंगलाचा प्रसंग मात्र दोनदा पाहा. पहिल्यांदा आपण सगळेच जिंकणाऱ्याकडे बघतो. दुसऱ्यांदा पाहताना नजर मागे, बुंध्यांपाशी पडलेल्यांवर ठेवा. तेही डोळे बांधून, तेवढ्याच वेगाने, तेवढ्याच भरवशाने धावले होते.